सकवारबाईंचा तिसरा नको

हेमावतीने स्वयंपाकघरात नवं टेबल आणलं आणि आठवड्याच्या आत वासुदेवरावांचे तिन्ही श्रोते फुटले.

वासुदेवराव म्हणजे हेमावतीचे सासरे, कानडी मुलखात स्थायिक झालेल्या मराठी घराचे कर्ते. शिवाजीनगरातल्या भांड्यांच्या दुकानातून निवृत्त झालेले गृहस्थ. दुकान आता पुतण्या सांभाळतो आणि वासुदेवराव हनुमंतनगरातल्या घराचा हॉल सांभाळतात. सकाळी पेपर, दुपारी पेपरावर भाष्य, संध्याकाळी त्या भाष्यावर भाष्य. ऐकायला मुलगा गिरीधर, बायको तुंगाबाई आणि कॉफीच्या वेळी न चुकता उगवणारे शेजारचे हयवदनराव. गिरीधर फोनमध्ये बघत ऐकायचा, तुंगाबाई स्वयंपाकघराच्या बोळात उभ्या राहून ऐकायच्या आणि हयवदनराव कॉफी येईपर्यंत ऐकायचे. श्रोत्यांचा माल असा बेताचाच. पण दुकानात जन्म गेलेला माणूस गिऱ्हाइकाची प्रत बघत नाही, पायरी चढलंय ना एवढंच बघतो.

टेबल आलं आणि तिघंही आत जाऊन बसले. हॉलमध्ये वासुदेवराव, पेपर आणि पंखा.

टेबल केलं होतं पिराजीने. पिराजी सुतार, मूळचा निपाणीकडचा, शिवाजीनगरात त्याचं वर्कशॉप. लांबलचक टेबल, एका टोकाला फळीतच बसवलेली इंडक्शनची शेगडी, तिच्याखाली ओढली की बाहेर येणारी चिरायची फळी, बाजूला ताटवाट्यांचे खण. दुसरं टोक उलगडलं की चार माणसं आणखी मावतात. शेगडीजवळ लाकडात एक खाच, तिच्यात फोन उभा राहतो. एकीकडे शिजवा, मध्ये चिरा, पलीकडे बसून जेवा, नाहीतर लॅपटॉप उघडा. हेमावती महादेवपुऱ्याच्या ऑफिसात दोन दिवस जाते आणि बाकीचे दिवस घरून काम करते. त्या दिवशी तिचं ऑफिसही याच टेबलावर, भाजीच्या शेजारी.

तिला हे टेबल का हवं होतं, ते तिने पिराजीला एका वाक्यात सांगितलं होतं. "मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही हो, पाठीचा कंटाळा आलाय. या घराला माझा चेहरा कमी आणि पाठ जास्त ओळखीची आहे."

खरंच होतं ते. जुना ओटा भिंतीकडे तोंड करून. बाहेर हॉलमध्ये हशा पिकला की हेमावती हात पुसत बोळातून पळत यायची. "काय झालं? काय झालं?" तोवर सगळे डोळे पुसत असायचे. "काही नाही गं," असं उत्तर मिळायचं. विनोद एकदाच ताजा असतो. उशिरा आलेल्याला कुणी गरम करून वाढत नाही.

वासुदेवरावांना आपले श्रोते परत हवे होते. पण तसं म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी घराण्याला पुढे केलं.

"शिजणारं आणि खरकटं एका फळीवर? आपल्या घरात असं कधी झालेलं नाही."

"अण्णा, मध्ये पितळी पट्टी मारून घेतलीय ना," हेमावती म्हणाली. "पट्टीच्या अलीकडे शिजतं, पलीकडे जेवतात. खरकटं पट्टी ओलांडत नाही."

पट्टी चकचकीत होती आणि शिवाय पितळेची होती. भांड्यांच्या व्यापाऱ्याला पितळेविरुद्ध बोलणं जड गेलं. त्यांनी मग शेवटचा हुकूम टाकला.

"अक्काला विचारू. अक्का म्हणेल ते."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण सकवारबाई. राजाजीनगरात मुला-सुनेजवळ राहतात. या कुटुंबात बाळाचं नाव, गृहप्रवेशाचा दिवस, आचाऱ्याची निवड यातलं काहीही अक्काच्या होकाराशिवाय पक्कं होत नाही. ठरलं असं की रविवारी अक्काला जेवायला बोलवायचं. तिला टेबल पटलं तर राहील. नाही पटलं तर संध्याकाळी पिराजी टेम्पो आणून घेऊन जाईल. त्याच्या गल्लीतला एक हॉटेलवाला ते मागतच होता.

"सरी, चालेल," हेमावती म्हणाली. गरम गरम जेवणापुढे कुठली आत्या नाही म्हणते, असा तिचा हिशेब.

हिशेब बरोबर होता. एक रक्कम तेवढी मांडायची राहिली होती.

रविवारी सकाळी सकवारबाई आल्या त्या थेट टेबलाशी बसवल्या गेल्या. अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे दिवस. गिरीधरने बाजारातून त्या ताज्या, वासाच्या शेंगांची पिशवीच आणली होती. दाणे भिजवून ठेवले होते आणि आता ते एकेक चिमटीत धरून सालातून सुळकन बाहेर काढायचे होते. हे काम एकट्याने केलं तर शिक्षा आणि चौघांनी केलं तर सण. तुंगाबाई, हेमावती, गिरीधर आणि सकवारबाई चौघंही पातेल्याभोवती जमले.

"तुमच्या त्या रंजिताला येतं का हे?" तुंगाबाईंनी नणंदेच्या सुनेची चौकशी केली.

"येतं ना. सोललेले विकत आणायला येतं."

गिरीधरच्या चिमटीतला दाणा उडून सकवारबाईंच्या चष्म्यावर बसला. सगळे हसले. हेमावतीही हसली, सगळ्यांच्या बरोबर, त्याच क्षणी. वासुदेवराव बोळाच्या तोंडाशी पेपर धरून उभे होते. आत यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि लांबही जाववत नव्हतं.

तेवढ्यात खाचेतला फोन बोलला. "नवीन निरोप. उद्याची मीटिंग साडेदहाला."

सकवारबाई दचकल्या. "ही कोण गं बाई?"

"फोन आहे, आत्या. हात पिठात असले की निरोप मोठ्याने वाचून दाखवतो. तशी सोय लावलीय मी."

"म्हणजे घरातलं सगळं गावाला ऐकू जाणार," सकवारबाई म्हणाल्या, पण हसत. टेबलावर हात फिरवून म्हणाल्या, "बसून सोलायला मात्र बरं आहे हो." बोळातला पेपर जरा खाली आला.

दुपारी हेमावती पट्टीच्या अलीकडे उभी राहिली. तांदळाच्या पिठात अवरेकाळू, मिरची, कोथिंबीर, खोबरं घालून मळलेलं. त्याची अक्की रोटी थापून तव्यावरून थेट ताटात. ही रोटी तव्यावरून उतरली की मिनिटामिनिटाला म्हातारी होते. या घरात आजवर सगळ्यांनी ती बोळातून चालत आलेलीच खाल्ली होती. पहिला घास घेतल्यावर सकवारबाईंनी डोळे मिटले.

"अशी कुरकुरीत असते ही?"

हेमावतीच्या मनात लाडू फुटले. रोटी संपली तशी तिने दुसरी उलथण्यावर घेतली.

"आत्या, आणखी?"

"नको गं."

"बरं," म्हणून हेमावतीने ती रोटी कॉफीची वेळ व्हायच्या आधीच येऊन बसलेल्या हयवदनरावांच्या ताटात टाकली. नको हा शब्द हयवदनरावांनी तरुणपणीच सोडून दिला होता.

आता इथे हेमावतीची बाजूही मांडायला हवी. ऑफिसात ती नव्या मंडळींना वागणुकीचे धडे देते. समोरच्याने एकदा नाही म्हटलं की नाही. पुन्हा विचारायचं नाही, गळ घालायची नाही. ऑफिसात हे तत्त्व सोन्यासारखं आहे. पण सकवारबाई ज्या घरात वाढल्या तिथे पहिल्याच वेळी हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. त्यांचा पहिला नको भिडेचा. दुसरा रीतीचा. तिसऱ्या नकोला हात ताटावर आडवा येतो, पण बोटं फाकलेली असतात, म्हणजे वाढणाऱ्याने मधून टाकावं. आणि खरोखर पोट भरलं की सकवारबाई कन्नडमध्ये बोलतात. "बेडा," म्हणतात. मराठी नको मानाचा, कन्नड बेडा पोटाचा.

जुन्या व्यवस्थेत हे सगळं आपोआप जमायचं, कारण नको पिकायला अंतर लागतं. तुंगाबाई भांडं घेऊन स्वयंपाकघरातून निघायच्या, बोळ ओलांडायच्या, नको ऐकून परतल्यासारखं करायच्या, पुन्हा वळायच्या. त्या येरझारांत नकोचा होय व्हायचा. इथे तवा आणि ताट यांच्यात हातभर अंतर. नको कच्चाच तुटत होता.

"आत्या, आता घ्याल?"

"अगं नको, आत्ताच तर झाली एक."

"काही जबरदस्ती नाही हं, आत्या. आपल्या टेबलावर ज्याला जेवढं हवं तेवढं."

"चांगली पद्धत आहे," सकवारबाई म्हणाल्या आणि पेलाभर पाणी प्याल्या.

तिसऱ्यांदा हेमावतीने विचारलंच नाही. दोनदा विचारणंसुद्धा तिच्या तत्त्वात जरा जास्तच होतं.

हे सगळं समोर बसून बघत होत्या तुंगाबाई. त्यांना पहिल्या नकोलाच कळलं होतं. एक शब्द टाकायचा अवकाश. पण तुंगाबाई आज टेबलाशी बसल्या होत्या. नणंदेच्या समोर, तिच्यासारख्याच खुर्चीवर, ताटात तव्यावरची रोटी, तिच्यावर विरघळणारं लोणी. लग्न होऊन आल्यापासून वन्संच्या तिसऱ्या नकोपर्यंत पोचायला त्यांनी तो बोळ इतका तुडवला होता की गुडघ्यांना पाठ झाला होता. आज तोच नको उघड्यावर पडून सुकत होता आणि त्यांना उठायला लागत नव्हतं. त्यांनी स्वल्प चटणी वाढून घेतली आणि सावकाश जेवू लागल्या. माणसाला कधीमधी व्याज खायला आवडतं.

हयवदनराव ढेकर देईपर्यंत सकवारबाईंचं ताट कोरडं पडलं होतं. बोळातून वासुदेवरावांनी विचारलं, "मग अक्का, कसं वाटलं टेबल?"

"छान आहे," सकवारबाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे. हॉटेलात असतं तसं."

हॉटेल! या कुटुंबात एका लग्नातल्या पंगतीला सकवारबाई "हॉटेलासारखी" म्हणाल्या होत्या. त्या आचाऱ्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

वासुदेवरावांनी पेपराची घडी घातली आणि तिथूनच फोन लावला. "पिराजी? हां, टेम्पो घेऊनच ये."

हेमावतीने शेगडी बारीक केली. फडकं घेऊन पितळी पट्टी पुसू लागली. पट्टी स्वच्छच होती. मग सवयीने तिने सगळ्यांकडे पाठ केली आणि रिकाम्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

ती पाठ बघितली आणि तुंगाबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. ती पाठ त्यांच्या ओळखीची होती. आधी इतकी वर्षं ती त्यांचीच होती. टेबल गेलं की ही पुन्हा भिंतीकडे आणि आपण पुन्हा बोळात. व्याज खाण्याच्या नादात मुद्दल निघालं होतं.

पण सांगायचं कसं? पूर्वी असतं तर "जरा इकडे ये गं" म्हणून सुनेला आत नेऊन कानात सांगितलं असतं. आता आत उरलंच नव्हतं. सगळे आतच बसले होते. तुंगाबाईंनी चष्मा वर केला, डाव्या हाताने फोन टेबलाखाली धरला आणि एका अंगठ्याने टाइप करायला घेतलं. गिरीधरने विचारलं, "काय करतेस, आई?" "काही नाही, भजनीमंडळाचा ग्रुप," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

खाचेतला फोन खणखणीत आवाजात बोलला.

"नवीन निरोप. आई. वन्संचा नको ऐकू नकोस. तीनदा नको म्हणतील. वाढत राहा. बेडा म्हणाल्या की थांब. उपाशी आहेत बिचाऱ्या."

तव्याचा चर्र आवाज तेवढा चालू राहिला. हयवदनरावांचा घास तोंडापाशी थांबला. असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. हेमावती गर्रकन वळली. तुंगाबाई ताटाकडे बघत होत्या, जणू त्यांना त्यात काहीतरी हरवलेलं शोधायचं होतं.

"सकाळी मी विचारलं, ही कोण," सकवारबाई हळूच म्हणाल्या. "फोन म्हणालात. फोन नाही. ही तुंगा आहे."

"वन्सं..."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्या रोटीपासून?"

"लग्नापासून," तुंगाबाई म्हणाल्या.

"मग इतका वेळ बसून काय बघत होतीस गं?"

"बसूनच बघत होते, वन्सं." तुंगाबाईंनी आता मान वर केली. "तुमचा नको उभ्याने खूप बघितला. बसल्यावर कसा दिसतो, ते बघत होते."

सकवारबाईंनी बघितलं, बोळाकडे एकदा, भावजयीच्या गुडघ्यांकडे एकदा. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या पोटातून असा आवाज आला की गिरीधरला खोकल्याचं सोंग आणावं लागलं.

हेमावतीला तत्त्वाचा विचार करायला वेळ नव्हता. तव्यावर होती ती रोटी तिने उचलली आणि न विचारता पितळी पट्टीवरून सरळ आत्याच्या ताटात टाकली. वर लोण्याचा गोळा.

"अगं नको, हेमा."

"ऐकलं, आत्या." दुसरी पडली.

"नको म्हणते ना!"

"तुम्ही म्हणत राहा, मी वाढत राहते. दोघींची कामं दोघींनी करायची."

तिसऱ्या वेळी सकवारबाईंचा हात ताटावर आडवा आला. हेमावतीने नीट बघितलं. बोटं फाकलेली होती. तिने चमचाभर चटणी मधल्या फटीतून अचूक ताटात सोडली.

"शिकलीस," सकवारबाई म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवू लागल्या. मग एक रोटी निम्मी ताटात असताना, शांतपणे, तृप्त आवाजात शब्द आला.

"बेडा."

हेमावतीचं उलथणं हवेतल्या हवेत थांबलं, आणि टेबलाभोवती असा हशा उसळला की बोळातल्या वासुदेवरावांनी न राहवून विचारलं, "काय झालं?"

"तू तिथे काय करतोस रे, वासू?" सकवारबाई पदर खोचत उठल्या. "जेवलास कुठे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अक्का, दुपारी हलकंच..."

"बस इथे."

त्या पट्टीच्या अलीकडे गेल्या. हेमावतीला म्हणाल्या, "तू जा, बस तुंगाजवळ. दे ते उलथणं." वासुदेवराव टेबलाच्या टोकाशी बसले, कारण अक्काने सांगितल्यावर उभं राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या नकोचा काही प्रकारच ठरायला वेळ मिळाला नाही. म्हणेपर्यंत रोटी ताटात असायची. सकवारबाईंना एक शोध लागला होता. जागेवरून न हलता त्यांचा हात प्रत्येक ताटापर्यंत पोचत होता.

शोध वासुदेवरावांनाही लागला. तव्यावर रोटी असेपर्यंत इथून कुणीही उठत नाही. त्यांनी घसा साफ केला. "आज पेपरात मेट्रोबद्दल काय आलंय, माहीत आहे?" सगळे समोर, सगळ्यांची तोंडं भरलेली, मध्ये बोलायला कुणी मोकळं नाही. असे श्रोते हॉलने त्यांना उभ्या जन्मात दिले नव्हते.

मेट्रो निम्म्या वाटेवर आली तेव्हा पिराजी दारात उभा राहिला. "टेम्पो आणलाय, अण्णा. कुठल्या बाजूनं काढायचं?"

हेमावतीचा हात पट्टीवर गेला. वासुदेवरावांनी बहिणीकडे बघितलं. "मग अक्का... टेबलाचं काय?"

"पिराजी, आधी हात धुऊन ये," सकवारबाई म्हणाल्या.

"नको अक्का, जेवूनच निघालोय."

"धुऊन ये म्हणते ना."

पिराजी बसला. त्याच्या नकोला फारसं बळ नव्हतंच; दुसऱ्यातच आटोपला. खाता खाता त्याने आपणच बसवलेली शेगडी या बाजूने पहिल्यांदा बघितली आणि खूश दिसला.

"टेबलाचं काय विचारतोस, वासू?" सकवारबाईंनी तव्यावर पाणी शिंपडलं. "अरे, वाढणारी इथे, खाणारे सगळे हाताच्या टप्प्यात. पळायला कुणाला जागा नाही. आग्रह करायचा तर असा. इतकी वर्षं या बायकांना बोळातून पळवलंत, हे आधी का नाही केलंत?"

"तूच हॉटेल म्हणालीस!"

"उपाशी माणसाचं काय ऐकतोस?"

टेबल राहिलं. टेम्पो रिकामा परत गेला, म्हणजे अगदी रिकामा नाही. पिराजीच्या शेजारी रोट्यांचा डबा होता. जाताना सकवारबाईंनी त्याला बजावलं, "राजाजीनगरला येऊन माझ्या घरचंही माप घेऊन जा."

बुधवारी संध्याकाळी हेमावती पीठ मळत होती. तुंगाबाई शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत होत्या, हयवदनराव कॉफीसाठी आणि वासुदेवराव हयवदनरावांसाठी बसले होते. खाचेतला फोन बोलला.

"नवीन निरोप. राजाजीनगर रंजिता. हेमाक्का, तुमच्या पिराजींना म्हणायला सांगा ना, लाकूड मिळत नाही. सासूबाई आत्तापासूनच हाताचा टप्पा मोजून बघतायत. आम्ही सगळे जाड होणार."

पहिली हसली ती हेमावती. मग तुंगाबाई, मग वासुदेवराव, मग कॉफी सांडत हयवदनराव. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून नुकताच आलेला गिरीधर हॉलमध्ये बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन तो बोळातून पळत आला.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही रे," डोळे पुसत हेमावती म्हणाली. "बूट ठेव आणि ये. बस."